साखळी स्पर्धेचे दफ्तर

गावोगावी होणाऱ्या क्रिकेटच्या चषकस्पर्धा आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. चौकात मान्यवरांच्या छायाचित्रांचे फलक लागतात, मैदानाच्या कडेला मांडव पडतो, ध्वनिक्षेपकावरून समालोचक घसा कोरडा करीत असतो, टेनिसच्या चेंडूवर सहा किंवा आठ षटकांचे सामने सकाळपासून दिवे लागेपर्यंत उरकले जातात, आणि दोन-तीन दिवसांत कोणा एका संघाच्या हाती चषक व रोख बक्षीस देऊन मंडळी मोकळी होतात. या बाद पद्धतीत सोळा संघ उतरले तर त्यांपैकी आठ संघ एकेकच सामना खेळून घरी जातात. पण ते गेल्याने आयोजकांचे काहीच अडत नसल्यामुळे त्यांची विचारपूस कोणी करीत नाही. साखळी स्पर्धेचे, म्हणजे सर्वजण जिला लीग म्हणतात त्या व्यवस्थेचे, मर्म नेमके याच्या उलट आहे. तेथे पहिल्या रविवारी हरलेल्या संघास दुसऱ्या रविवारीही यावयाचे असते, तिसऱ्या रविवारीही यावयाचे असते, आणि विजेतेपदाची सर्व आशा मावळल्यानंतरही अकरा माणसे जमवून वेळेवर हजर राहावयाचे असते. अव्वल संघाची काळजी कोणालाच करावी लागत नाही, तो हाकेसरशी येतो; तळाच्या संघाला अखेरच्या फेरीपर्यंत खेळत ठेवणे ज्यास साधले त्यासच लीग चालविणे साधले, असे माझे मत आहे, आणि पुढे ज्या तक्त्यांचे, नियमांचे व हिशेबांचे वर्णन करावयाचे आहे त्यांचा विचार मी याच एका दृष्टीने करणार आहे.

उदाहरणासाठी तळवडे घेऊ. इंद्रायणीच्या काठी, नदीच्या वरच्या अंगास देहू व खालच्या अंगास चिखली, मोशी आणि आळंदी अशा मोक्याच्या जागी वसलेले हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग जो कारखान्यांचा पट्टा भोसरी, चिंचवड, आकुर्डीकडून पसरत चाकणपर्यंत गेला त्याच्या एका कुशीत तळवडे सापडले. आज तेथे तीन प्रकारची वस्ती एकमेकींना खेटून नांदते: गावठाणातील मूळचे शेतकरी कुटुंबीय, लेथ, प्रेस आणि फॅब्रिकेशनच्या लहान शेडमधून काम करणारे, मराठवाड्यापासून बिहारपर्यंतच्या मुलखांतून आलेले कामगार, आणि सॉफ्टवेअर पार्कच्या काचेच्या इमारतींत संगणकापुढे बसणारे तरुण. त्रिवेणीनगरच्या चौकात संध्याकाळी वाहने तुंबली म्हणजे हे तिघेही एकाच कोंडीत उभे असतात, परंतु एका मैदानावर त्यांना आणावयाचे म्हटले की पहिलीच अडचण पंचांगाची येते. विजेच्या मागणीचा भार आठवडाभर सारखा विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टीचे निरनिराळे वार लावून देण्याची जी पद्धत पूर्वीपासून आहे, तीत या पट्ट्याच्या वाट्यास गुरुवार आला. संगणकवाल्यांना शनिवार-रविवार मोकळा. गावकऱ्यांना लग्नसराई व जत्रा सोडून कोणताही वार चालतो, आणि लग्नसराई व जत्रा नेमक्या खेळाच्या मोसमातच येतात.

कारखाने व कचेऱ्या यांच्या क्रिकेटचा जुना आणि मोठा दाखला मुंबईचा. टाइम्स ऑफ इंडियाने ठेवलेल्या ढालीसाठी १९३० पासून तेथे आंतरकार्यालयीन सामने होत आले, आणि या टाइम्स शील्डपायी टाटा, मफतलाल, निर्लॉन, एसीसी, स्टेट बँक अशा आस्थापनांनी चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ बांधले. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. कसोटी खेळणाऱ्या माणसास महिन्याचा पगार देणारी ही व्यवस्था त्या काळात, जेव्हा खेळातून पोट भरत नव्हते तेव्हा, फार मोलाची ठरली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद दाखला आहे तो १९४८ साली डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या कांगा लीगचा. ऐन पावसाळ्यात, उघड्या व ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी ही क्लबांची स्पर्धा चौदा-चौदा संघांच्या सात श्रेणींत विभागलेली असते, आणि श्रेणीच्या माथ्यावरील संघास वरच्या श्रेणीत बढती व तळाच्या संघास खालच्या श्रेणीत उतरणे भाग असते. या एका योजनेने काय साधले ते पाहावे. ज्या संघास विजेतेपद मिळण्याचा संभव नाही त्यालाही आपली श्रेणी राखण्यासाठी अखेरपर्यंत जिवाच्या कराराने खेळावे लागते. म्हणजे तक्त्याच्या दोन्ही टोकांना चुरस उत्पन्न होते आणि मधल्यांना वर जाण्याचा लोभ व खाली पडण्याची भीती अशा दोन्ही गोष्टी जाग्या ठेवतात. दहा-बारा संघांच्या लहानशा लीगला एवढा पसारा परवडत नाही हे खरे, तथापि पुढील वर्षासाठी वरचे पाच व खालचे पाच अशी दोन गटांत वाटणी करण्याचे नुसते जाहीर केले तरी आठव्या-नवव्या संघाची हजेरी सुधारते.

आता फिक्श्चर, म्हणजे सामन्यांचा तक्ता. संघांच्या संख्येस तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून निम्मे केले की सामन्यांची संख्या निघते: दहा संघ असतील तर दहा गुणिले नऊ भागिले दोन, म्हणजे पंचेचाळीस. हे सामने नऊ फेऱ्यांत बसविण्याची युक्ती जुनी आणि फार सुबक आहे. एक ते पाच हे आकडे एका ओळीत लिहावे, त्यांच्या खाली दुसऱ्या ओळीत दहापासून सहापर्यंत उलटे उतरावे. वरचा आकडा खालच्याशी खेळला की पहिली फेरी झाली: १-१०, २-९, ३-८, ४-७, ५-६. मग एकाच्या आकड्यास जागचा हलवू नये आणि बाकीच्या नऊ आकड्यांना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवावे. दुसऱ्या फेरीत १-९, १०-८, २-७, ३-६, ४-५ अशा जोड्या आपोआप जुळतात, आणि असे आठ वेळा सरकविले की प्रत्येक संघ प्रत्येकाशी बरोबर एकदा खेळून होतो. संघ विषम असतील तर एक रिकामा आकडा धरावा. ज्याची गाठ त्याच्याशी पडेल त्याची त्या दिवशी विश्रांती. बहुतेक ठिकाणी कोणत्या संघास कोणता आकडा द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात व त्यात निःपक्षपात झाला असे समजतात. परंतु अनुभवी चिटणीस, गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून, दुबळे संघ शेवटच्या दोन फेऱ्यांत आपसांत भिडतील असे आकडे वाटतो. कारण सात सामने हरलेल्या संघास आठवा सामना जिंकण्याजोगा दिसत असेल तरच तो मैदानावर येतो. चिठ्ठीपेक्षा ही तजवीज मला अधिक न्याय्य वाटते, मात्र ती आधी सर्वांसमोर उघड सांगून केली पाहिजे.

पंचेचाळीस सामने म्हणजे किती दिवस? वीस षटकांचा सामना, डावांमधील विश्रांती धरून, सव्वातीन ते साडेतीन तास घेतो. हिवाळ्यात पहाटे नदीकाठी धुके असते आणि गवतावर दव इतके की चेंडू साबणाच्या वडीसारखा हातातून निसटतो; म्हणून आठापूर्वी नाणे उडविण्यात अर्थ नाही, आणि सहाच्या सुमारास उजेड संपतो. तेव्हा एका मैदानावर दिवसाला दोन सामने निर्धास्त बसतात, तिसरा ओढूनताणून. दोनच्या हिशेबाने तेवीस रविवार हवेत. दिवाळीनंतर आरंभ केला, मध्ये परीक्षा, मार्चअखेरची हिशेबांची धांदल आणि जत्रा यांना जागा सोडली, तर वैशाख गाठतो. आता त्यात गुरुवारचा पेच घाला. समजा, दहांपैकी तीन संघ शेडवाल्या कामगारांचे व सात संघ रविवारवाले आहेत. तिघांचे आपसांतले तीन सामने गुरुवारी होतील, सातांचे आपसांतले एकवीस सामने रविवारी होतील, पण उरलेले एकवीस, म्हणजे जवळजवळ निम्मे, सामने असे आहेत की त्यांत एका पक्षास सुट्टी असताना दुसरा कामावर असतो. २६ जानेवारी, धुळवड, गुढीपाडवा, १ मे असे सर्वांना समान मोकळे दिवस बोटांवर मोजण्याइतके. येथे वारापेक्षा पाळी पाहणारा चिटणीस तरून जातो. ज्या कामगारांची त्या आठवड्यात दुसरी पाळी आहे ते रविवारी सकाळचा सामना खेळून दुपारी तीनपर्यंत कामावर पोहोचू शकतात, आणि ज्या संगणकवाल्यांचे गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेत असल्याने कचेरी दुपारी भरते ते गुरुवारी सकाळी मोकळे असतात. याकरिता प्रत्येक संघाकडून महिन्याच्या आरंभी पाळ्यांचे पत्रक मागवून घ्यावे लागते. हे काम किचकट आहे, त्यात गौरव नाही, आणि ते न केल्यास तिन्ही कामगार-संघ पाचव्या फेरीच्या आत गळतात.

मैदानाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती दर वर्षी अधिकच थोडकी होत चालली आहे. महापालिकेचे मैदान मिळवावयाचे तर अर्ज, भाडे आणि पोचपावती यांचे सोपस्कार, आणि तरीही त्या दिवशी कोणाचा कार्यक्रम निघाला तर मुकाट्याने माघार. म्हणून अलीकडे शेतजमीन सपाट करून भाड्याने दिलेल्या खाजगी मैदानांकडे ओढा वाढला आहे. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, ही तेवढी सर्वत्र सारखी. मुरमाच्या थरावर काळी माती घालून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली पट्टी उत्तम. पण तिला रोजची चाकरी लागते. ती ज्यांना परवडत नाही ते टणक जमिनीवर काथ्याची मॅट अंथरून कडेने खिळे ठोकतात. मॅट चारी बाजूंनी ताणून बसविली तर चेंडू खरा उसळतो व जरा अधिकच वळतो. एका कोपऱ्याचा खिळा सुटला की तोच चेंडू फलंदाजाच्या घोट्यावर किंवा हनुवटीवर येतो. खेळपट्टीचे शास्त्र भल्याभल्यांना चकविते: तळवड्यापासून फार दूर नसलेल्या गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला कसोटी सामना झाला तेव्हा भारत तिसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी हरला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सामनाधिकाऱ्याने ती पट्टी निकृष्ट ठरविली.

पट्टी राखणाऱ्या माणसाचा विषय निघाला की पुण्याच्या इतिहासातील बाळू पालवणकरांची आठवण अपरिहार्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपियनांच्या पूना क्लबात झाडलोट करणे, रोलर फिरविणे, जाळी बांधणे या कामांसाठी चार रुपये महिन्यावर राहिलेला हा चांभार समाजातील तरुण सरावाच्या वेळी साहेबांना गोलंदाजी करता करता असा तयार झाला की, पुढे १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभराहून अधिक बळी मिळविले. ज्या हिंदू क्लबाने त्यास आपल्या संघात घेतले त्याच क्लबाने चहा मात्र त्यास तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. आजच्या लीगमध्ये भांडी वेगळी नसतात. परंतु सामन्याच्या दिवशी जेवणाची पाकिटे मोजून मागविताना खेळाडू बावीस, पंच दोन, गुणलेखक एक अशी बेरीज होते आणि मॅट अंथरणारा मोजणीतून सुटतो, हे अनेक ठिकाणी घडते.

खेळाडूंची नोंदणी हा लीगमधील सर्वांत नाजूक मामला. कंपनीच्या नावाने उतरलेल्या संघात बाहेरचा पट्टीचा गोलंदाज उसना आणून बसविण्याची प्रथा एवढी रुळलेली आहे की तिला कोणी लबाडीही म्हणत नाही. थेरगावची महापालिकेची वेंगसरकर अकादमी याच परिसरात आहे, ऋतुराज गायकवाड तेथेच घडला; अशा ठिकाणी शिकणारा एखादा मुलगा रविवारी कोणाच्या तरी नावाचा सदरा घालून उतरला तर हौशी फलंदाजांचे काय होते ते सांगावयास नको. म्हणून मोसमापूर्वी वीस किंवा बावीस नावांची यादी छायाचित्रांसह दाखल करून घ्यावी व ठराविक मुदतीनंतर ती गोठवावी, असा नियम सर्वत्र असतो. पण ‘कंपनीचा माणूस’ कोण, हा प्रश्न या पट्ट्यात सरळ नाही. शेडमध्ये प्रेसवर उभा असणारा निम्मा कामगार कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. नियुक्तीपत्र मागितले तर त्याच्यापाशी कंपनीचे काहीच निघत नाही, आणि मग जो माणूस तीन वर्षे त्याच फाटकातून आत-बाहेर करतो तो ‘बाहेरचा’ ठरून बाद होतो, तर पगारपत्रकावर नुसते नाव असलेला मालकाचा भाचा पात्र ठरतो. माझा कौल निःसंशय असा की फाटकाचा पास हाच पुरावा धरावा. नियमाचा हेतू उसने खेळाडू रोखण्याचा आहे, आणि रोज घाम गाळणारा माणूस उसना नसतो.

गुणलेखन, ज्यास मैदानावर स्कोअरिंग म्हणतात, ते आता बहुधा मोबाइलवर होते. तरी कागदाची वही बाजूस असावी, कारण वहीत चूक लपत नाही. फलंदाजांच्या धावा व अवांतर यांची बेरीज एकीकडे, गोलंदाजांनी दिलेल्या धावा व त्यांत बाय आणि लेगबाय मिळवून दुसरीकडे. या दोन रकमा जमाखर्चाच्या वहीप्रमाणे तंतोतंत मिळाल्याच पाहिजेत. प्रत्येक डावाअखेर ही रुजुवात करून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घेतल्या की अर्धे कज्जे तेथेच मिटतात. उरलेले अर्धे उत्पन्न होतात ते नेट रन रेटमधून, म्हणजे संघांचे गुण समान झाल्यावर क्रम लावण्यासाठी काढावयाच्या धावगतीतून. संघाने सर्व सामन्यांत मिळून काढलेल्या धावांना त्याने खेळलेल्या एकूण षटकांनी भागावे, त्यातून प्रतिपक्षांनी त्याच्याविरुद्ध तशाच रीतीने साधलेली गती वजा करावी. प्रत्येक सामन्याची गती निराळी काढून तिची सरासरी घेऊ नये. दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला असा की १७.३ षटके म्हणजे सतरा षटके व तीन चेंडू, अर्थात साडेसतरा; १४० धावा १७.३ षटकांत झाल्या तर गती १४० भागिले १७.५, म्हणजे नेमकी ८, परंतु गणकयंत्रावर १७.३ दाबणारा ८.०९ काढून बसतो आणि या नऊ शतांशांवर तक्त्यातील क्रम फिरतो. दुसरा असा की संघ सर्वबाद झाला तर त्याने पूर्ण वीस षटके खेळली असे धरावयाचे असते.

या दुसऱ्या नियमातून एक विपरीत परिणाम निघतो व तो आपल्या मूळ मुद्द्यापाशी येऊन भिडतो. एखाद्या बलवान संघाने २०० धावा केल्या आणि तळाचा संघ सात जणांनिशी येऊन ४० धावांत आटोपला, तर त्या एका सामन्यातील फरक दहा वजा दोन, म्हणजे तब्बल आठ. दुसऱ्या बलवान संघाची गाठ त्याच तळाच्या संघाशी त्याचे अकराही गडी हजर असताना पडली होती. त्याला असे घबाड मिळाले नाही. विजेतेपद मग खेळावर न ठरता तळाच्या संघाच्या हजेरीवर ठरते. म्हणून किमान आठ खेळाडू असल्याखेरीज सामना सुरू करू नये, प्रतिपक्षास पुढे चाल द्यावी लागली तर विजयाचे दोन गुण द्यावे पण धावगतीत तो सामना धरू नये, आणि एखादा संघ मधूनच सोडून गेला तर त्याने निम्म्याहून कमी सामने खेळले असल्यास त्याचे सर्व निकाल तक्त्यातून काढून टाकावे, निम्म्याहून अधिक खेळले असल्यास जुने निकाल कायम ठेवून उरलेले सामने प्रतिपक्षांस बहाल करावे, हे नियम मोसम सुरू होण्याआधी लेखी असले पाहिजेत. मोसमाच्या मध्यावर केलेला कोणताही नियम, तो कितीही शहाणपणाचा असो, कोणाच्या तरी विरुद्ध केलेला दिसतो.

पंचांविषयी लिहावे तितके थोडे. मैदानावर मोकळ्या बसलेल्या तिसऱ्या संघाचे दोघे उभे करणे स्वस्त पडते, परंतु त्यांच्या संघाचा पुढचा सामना खेळणाऱ्या दोन संघांपैकी एकाशी असला की पायचीतचे अपील कानी पडेनासे होते. परीक्षा उत्तीर्ण झालेले पंच मानधनावर आणावे, व मानधन सामना सुरू होण्यापूर्वी पाकिटात द्यावे; संध्याकाळी हरलेल्या कर्णधाराकडून ते मागावयास लावणे हा पंचांचा अपमान आहे. फिर्याद चोवीस तासांच्या आत लेखी यावी, तिच्यासोबत थोडी रक्कम जमा असावी, फिर्याद खरी निघाल्यास ती रक्कम परत करावी. आणि निवाडा करणाऱ्या तिघांत त्या सामन्यातील कोणत्याही संघाचा माणूस नसावा.

खर्चाचा अंदाज याच आकड्यांतून निघतो. पंचेचाळीस सामन्यांस, डावागणिक नवा चेंडू धरला, तर नव्वद चेंडू. नियमाप्रमाणे एकेक १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा, बहुधा मेरठ किंवा जालंधरहून आलेला. पंचांची नव्वद मानधने, गुणलेखकांची पंचेचाळीस, मैदानाचे भाडे, मॅट, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. हा सर्व आकडा दहांनी भागून प्रवेशशुल्क ठरवावे व बक्षिसांसाठी प्रायोजक पाहावा. याच्या उलट, प्रायोजकाच्या भरवशावर चेंडू आणि शुल्कातून झगमगीत चषक, असा व्यवहार करणाऱ्या लीगा दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. शुल्काशिवाय प्रत्येक संघाकडून अनामत घ्यावी, आणि ती गुणांशी नव्हे तर हजेरीशी बांधावी: नऊच्या नऊ सामने वेळेवर खेळणाऱ्यास पूर्ण परत, प्रत्येक गैरहजेरीस ठराविक कपात, आणि कपातीची रक्कम ज्याचा रविवार फुकट गेला त्या प्रतिपक्षास. बक्षीस समारंभ मे महिन्यातच उरकावा, कारण जून लागला की पावसाचे ढग येतात, देहूहून तुकोबांच्या पालखीची तयारी सुरू होते, आणि तळवडे-निगडी भागात मांडव व पोलीस परवानगी या दोन्ही गोष्टी मिळणे कठीण होते. अनामतीची पाकिटे त्याच समारंभात, चषकाच्या आधी वाटावी. एरवी दहाव्या क्रमांकाच्या संघाचा कर्णधार समारंभास येत नाही, आणि पुढील वर्षीच्या नोंदणीचा कागद त्याच्याच सहीवाचून अडून राहतो.